दुकानाच्या संगणकासाठी स्वस्त एसएसडी घेताना

गिऱ्हाईक काउंटरवर उभे आहे, त्याच्या मागे आणखी दोघे ताटकळत आहेत आणि बिल काढायचा संगणक अजून सुरूच होतो आहे, हा प्रसंग आपल्या अनेक व्यापारी बांधवांच्या रोजच्या परिचयाचा आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून संगणक ही लहान दुकानदाराचीही गरज झाली. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकाचा सुताचा हिशेब, भरतकामाच्या यंत्रावरची डिझाइने, लग्नपत्रिका छापणाऱ्याचे नमुने, सारे काही आता संगणकातच असते.

तयार संगणक परवडत नाही म्हणून पुष्कळ जण सुटे भाग आणून तो जोडून घेतात. यात काही गैर नाही. परंतु पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, हे समजले पाहिजे. आमचे म्हणणे असे की, एसएसडी स्वस्त घ्यावी, पण बाजारातली सर्वांत स्वस्त घेऊ नये. संगणकाचा दुसरा कोणताही भाग बिघडला तर नवा आणता येतो. एसएसडी बिघडली तर तिच्यातला हिशेब बाजारात विकत मिळत नाही.

एसएसडी म्हणजे काय?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावरची माहिती शोधते. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली उचलायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर वेळा हात घालू शकते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमध्ये असते आणि सेकंदाला हजारो ठिकाणांहून ती उचलता येते. म्हणूनच पाच-सात वर्षांच्या जुन्या संगणकात केवळ एसएसडी बसवली तरी तो नव्यासारखा चालू लागतो.

आधी मदरबोर्ड पाहा

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली साटा, म्हणजे अडीच इंची डबी, जी वायरने जोडतात. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो. दुसरी एनव्हीएमई. ही २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी असून मदरबोर्डवरील एम-डॉट-टू नावाच्या खाचेत बसते. तिच्या तिसऱ्या पिढीचा कमाल वेग सुमारे ३५०० एमबी, तर चौथ्या पिढीचा ७००० एमबीपर्यंत आहे.

येथे एक फसगत होते. त्याच पट्टीच्या आकारात साटा जातीची एसएसडीही मिळते. ती खाचेत बसते, पण त्या खाचेला साटा चालत नसेल तर संगणक तिला ओळखतच नाही. तेव्हा मदरबोर्डचा नमुना क्रमांक कागदावर लिहून दुकानात न्यावा आणि कोणती जात चालते हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

बिले, पत्रे, जीएसटीचे काम एवढ्यापुरते पाहिले तर साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक हाताला फारसा जाणवत नाही. जुन्या संगणकाला साटा पुरे. नवा जोडत असाल आणि दोन्हींचा भाव जवळपास सारखा असेल तर साधी एनव्हीएमई घ्यावी. पाचव्या पिढीच्या मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे आपल्याला कारण नाही.

किती मोठी, किती टिकाऊ?

केवळ हिशेबासाठी २४० किंवा २५६ जीबी पुरते. डिझाइने व फोटो असतील तर ४८० किंवा ५१२ जीबी घ्यावी. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे २२३ जीबी दिसते. हा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, फसवणुकीचा नव्हे. स्वस्त एसएसडी भरत आली की मंदावते, म्हणून पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा.

चिपच्या एका कप्प्यात तीन अंश साठवले तर तिला टीएलसी म्हणतात, चार साठवले तर क्यूएलसी. कप्प्यात जितकी दाटी अधिक तितका माल स्वस्त, पण लिहिण्याचा वेग आणि आयुष्य कमी. भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी.

आयुष्याचा अंदाज टीबीडब्ल्यू या आकड्यावरून येतो. एसएसडीवर एकूण किती टेराबाईट लिहीपर्यंत कंपनी हमी देते, तो हा आकडा. किंगस्टनच्या ए४०० या स्वस्त एसएसडीच्या २४० जीबी नमुन्याला ८० टेराबाईटची हमी आहे. दुकानात दिवसाला २० जीबी लिहिले जाते असे धरले, आणि हा अंदाज सढळच आहे, तरी ८० टेराबाईट संपायला ४००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षे लागतात. वॉरंटी मात्र वर्षांतही मोजलेली असते. तीन वर्षांपेक्षा कमी वॉरंटीचा माल घेऊ नये.

मापात पाप

२०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव चढले. एआयच्या केंद्रांसाठी चिपची मागणी वाढल्याचा तो परिणाम होता. भाव चढले की नकली मालालाही पाय फुटतात. आम्हीही एकदा फसलो. नवलाच्या भावात २ टेराबाईटची, बाहेरून जोडायची एसएसडी घेतली. संगणक २ टेराबाईटच दाखवीत होता. आत मात्र लहानसे मेमरी कार्ड निघाले. ते भरल्यावर नव्या फायली जुन्यांवर चढत गेल्या आणि दोन वर्षांचे जपून ठेवलेले काम गेले.

म्हणून अनोळखी नावाचा माल टाळावा. पक्के बिल घ्यावे व त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो नंबर तपासावा. घरी आल्यावर रिकाम्या एसएसडीवर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवावा. तो सारी जागा भरून पुन्हा वाचून पाहतो, त्यामुळे खोटे माप लगेच उघडे पडते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते दिसते. नव्या मालाचे शेकडो तास भरलेले दिसले तर तो वापरलेला समजावा आणि परत करावा.

शेवटची गोष्ट

हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुर करून सूचना देते. एसएसडी अनेकदा काही न सांगता बंद पडते आणि तिच्यातून माहिती परत काढणे अवघड व खर्चाचे असते. वीज अचानक गेली तरी नुकसान होऊ शकते, म्हणून लहानसा यूपीएस जरूर बसवावा. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. चौकशीच्या वेळी डिस्क बिघडली ही सबब चालत नाही.

तेव्हा जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर भंगारात घालू नका. दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत तिच्यावर घ्या, एरवी ती काढून ठेवा आणि दुसरी प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा. आपल्या वडीलधाऱ्यांनी खातेवही कपड्यात बांधून कपाटात जपली. साधन बदलले तरी ती जपणूक आपल्याला सोडता येणार नाही.