नदीचा तळ आणि शिंपल्याचे घर

मराठवाड्यातील नद्या उन्हाळ्यात आटल्या, की वाळूत शिंपल्यांची रिकामी कवचे दिसतात. ('शिंप' हा शब्द प्राकृत 'सिप्पी'शी जोडला जातो, 'शिंपी' मात्र 'शिल्पी'चा वंशज. दोघांचे साम्य केवळ उच्चारातले.) या कवचांतील प्राणी नदीच्या जीवनव्यवहारात कोणते कार्य करतो, हे आपण प्रथम पाहू.

गोड्या पाण्यातील शिंपला अर्धाअधिक वाळूत रुतून राहतो. तो पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म शैवाल व सेंद्रिय कण खातो आणि निवळलेले पाणी बाहेर सोडतो. त्याच्या बहुतेक जातींचे डिंभ, म्हणजे अळीरूप पिल्ले, काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात व नंतर तळाशी उतरतात. शिंपला स्वतः फार दूर जाऊ शकत नाही. त्याचा प्रवास मासा करतो. म्हणून मासे नाहीसे झाले, तर जुने शिंपले काही वर्षे जगतात, परंतु नवी पिढी निपजत नाही. अशी नदी वरकरणी सजीव भासते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अवघड होतो. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या या प्रदेशात ओढे-नाल्यांचे खोलीकरण ही चैन नव्हे. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही या कामांचा समावेश होता. मात्र यंत्राने गाळ काढताना वाळू आणि खडेही उचलले जातात. पाणी वाढते, शिंपल्याचे घर जाते. काही जाती तळ्यांतही तग धरतात, हे खरे. वाहत्या पाण्याच्या जातींना ती सोय नाही.

माझ्या मते वाद खोलीकरण हवे की नको, असा नाहीच. तेरणेसारख्या नदीचे पात्र सलग न खोदता मधले वाळूचे पट्टे व जुने डोह राखले, तर तेथील शिंपले वाचतात. पुढे खोदलेल्या भागात वाळू साचल्यावर त्यांचे डिंभ माशांबरोबर तेथे पोहोचू शकतात. त्यासाठी माशांना वाट हवी. कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारे पावसाळ्यात काढून ठेवण्याची आणि पावसाळा सरताना पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. ती मुख्यतः पूर व गाळ वाहून जावा म्हणून; पण त्याच काही महिन्यांत मासेही वर चढतात. दारे अडकून तशीच राहिली, तर ती वाट त्या वर्षापुरती बंद होते.