आमरीसंग्रह आणि मूलस्थानाची चिठ्ठी

जुन्या पोथ्यांच्या संग्राहकांस पुष्पिकेचें महत्त्व सांगण्याची जरुरी नाहीं. पोथी कोणीं, कोठें, कोणत्या शकांत व कोणाकरितां लिहिली हें ज्या चार ओळींत सांगितलेलें असतें, तें पान गहाळ झालें म्हणजे पोथी वाचतां येते, पण तिच्या आधारें इतिहासांत कांहीं सिद्ध करतां येत नाहीं. आमरी, म्हणजे इंग्रजींत ज्यांस ऑर्किड म्हणतात त्या वनस्पती, हौसेनें जमविणारांचा एक वर्ग गेलीं दोनशें वर्षें युरोपांत व इतरत्र नांदत आहे. त्यांच्या संग्रहांतही प्रत्येक रोपास एक चिठ्ठी बांधलेली असते, आणि त्यांचे बहुतेक तंटे फुलांवरून नव्हे, तर या चिठ्ठीवरून झालेले आहेत. छंद बागेचा खरा. पण त्यांतील वाद दप्तराचे असल्यामुळें या पृष्ठांत त्यांस जागा मिळण्यास हरकत नसावी.

प्रथम वनस्पतीविषयीं थोडेसें. सह्याद्रींत व कोंकणांत उन्हाळा सरतां सरतां झाडांच्या फांद्यांवरून जांभळट ठिपक्यांचे जे लांब तुरे लोंबतात, ती सीतेची वेणी ही आमरीचीच एक जात. अशा आमरीस बांडगूळ समजण्याचा प्रघात आहे, तो चुकीचा आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. आमरी झाडाचा केवळ आश्रय घेते. तिच्या उघड्या मुळांवर पांढुरकें स्पंजासारखें वेष्टन असतें, त्यानें पावसाचें व दंवाचें पाणी टिपून घेतलें जातें. ही गोष्ट न उमगल्यामुळें आरंभीच्या इंग्रज हौशी लोकांनीं हजारों रोपें कुजविलीं. उष्ण देशांतील वनस्पती म्हणून ते तीं भट्टीसारख्या तापलेल्या, कोंदट कांचघरांत ठेवीत. ड्यूक ऑफ डेव्हनशायर याच्या चॅट्सवर्थ येथील बागेंत जोसेफ पॅक्स्टन यानें वारा खेळविला व उष्णता कमी केली, तेव्हां रोपें जगूं लागलीं. याच ड्यूकनें १८३५ सालीं जॉन गिब्सन यास आमऱ्या आणण्यासाठीं खासी टेंकड्यांत पाठविलें होतें.

आपल्या बाजूस आमऱ्यांची सर्वांत मोलाची जुनी नोंद 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथांत आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड यानें सिद्ध केलेल्या या ग्रंथाचे बारा भाग आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत छापले गेले. रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं १६७५ च्या एप्रिलांत दिलेलें साक्षपत्र त्यांत नागरी लिपींत छापलेलें आहे, व महानिघंटूचा आधार घेतल्याचा उल्लेख त्यांत येतो. हें साक्षपत्र आमच्या वाचकांस ठाऊक असेल. पण बाराव्या भागाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. ऱ्हीड १६९१ सालीं समुद्रप्रवासांत वारला, व हा भाग त्याच्या मागें निघाला. त्यांत आमऱ्यांचीं मोठीं ताम्रपटचित्रें असून त्यांचीं मल्याळी नांवें 'मरवाऴ' या पदानें संपतात. त्याचा शब्दार्थ झाडावरची केळ असा होतो. नांवाचा पूर्वार्ध मात्र आश्रयवृक्षाचा आहे. 'अंजिली-मरवाऴ' ही रानफणसाच्या जातीच्या अंजिली वृक्षावरची, 'कांजिरम्-मरवाऴ' ही काजऱ्यावरची, 'बीटी-मरवाऴ' ही शिसवीवरची. रोप कोणत्या झाडावरून उतरविलें ही साक्ष नांवांतच गोंविलेली आहे. लिनियसनें १७५३ सालीं यांतील अंजिलीवरच्या आमरीस 'एपिडेंड्रम रेट्यूसम' व काजऱ्यावरच्या आमरीस 'एपिडेंड्रम ॲलॉइफोलियम' असें नांव दिलें, त्या वेळीं आश्रयवृक्षाची साक्ष गळून गेली. पहिली म्हणजे आपली सीतेची वेणी. या नांवांस आज मूळ पुरावा म्हणून ऱ्हीडचीं चित्रेंच धरावीं लागतात.

आतां ज्या प्रकरणासाठीं मुख्यतः हा लेख लिहिला त्याकडे वळतों. १८१७-१८ सालीं विल्यम स्वेन्सन हा सृष्टिशास्त्रज्ञ ब्राझिलांतील पर्नांबुको प्रांतांत हिंडत असतां त्यानें कांहीं आमऱ्या इंग्लंडांत धाडल्या. बार्नेट येथील विल्यम कॅटली या व्यापाऱ्याच्या कांचघरांत त्यांतील एकीस मोठें जांभळें फूल आलें, व जॉन लिंडले यानें तिचें नांव 'कॅटलिया लाबिएटा' असें ठेविलें. पुढें या जातीस बेसुमार मागणी आली. परंतु मूळ ठिकाण कोणासच सांपडेना. सुमारें सत्तर वर्षें ती 'हरवलेली आमरी' म्हणून गाजली.

या हरवण्याविषयीं एक आख्यायिका अजून छापली जाते. ती अशी कीं, स्वेन्सननें या आमऱ्या दुसऱ्या रोपांभोंवतीं केवळ गवतासारख्या बांधणीस वापरल्या होत्या, आणि कॅटलीनें कुतूहलानें तो पेंढा कुंडींत लाविला. आमच्या मतें ही कथा टाकून द्यावी. विल्यम हुकर यानें, हें रोप स्वेन्सननें ब्राझिलांतून आपणांस पाठविलें, असें आपल्या ग्रंथांत स्वतःच लिहून ठेविलें आहे. जी वनस्पती एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडे मुद्दाम पोंचविली गेली ती पेंढा म्हणून वापरली होती असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. पेंढ्याची कथा मागाहून शतकाच्या उत्तरार्धांत रंगलेली दिसते, आणि बखरींतील अशा कथांप्रमाणें ती गोड आहे इतकेंच.

खरी चूक निराळी होती. १८३६ सालीं जॉर्ज गार्डनर हा ब्राझिलांत आला. रिओ शहराजवळील गाव्हिया नांवाच्या कड्यावर त्यानें एक मोठ्या फुलांची आमरी पाहिली व तीच लाबिएटा असें ठरविलें. गार्डनर हा विश्वासू निरीक्षक होता. पुढें तो सिलोनच्या पेरादेनिया बागेचा अधिकारी झाला. त्यामुळें त्याचें विधान कोणी तपासलें नाहीं. वस्तुतः त्या कड्यावरची जात वेगळी असून तिला हल्लीं 'कॅटलिया लोबाटा' म्हणतात. एका प्रतिष्ठित लेखकाच्या शब्दापुढें मूळ पाठवणीचा पर्नांबुको प्रांत मागें पडला, व शोधणारे शेंकडों कोस दक्षिणेस धुंडाळीत राहिले. अखेर १८८९ ते १८९१ च्या दरम्यान पर्नांबुकोच्याच बाजूनें रोपें युरोपांत पुन्हां आलीं. ब्रसेल्सच्या लिंडेन यानें तीं नव्या नांवानें विकावयास काढलीं, तर इंग्लंडांतील फ्रेडरिक सँडर यानें हीच जुनी लाबिएटा असें प्रतिपादिलें. सँडरचें म्हणणें टिकलें. निवाड्यास एक साधी खूण उपयोगी होती: खरी लाबिएटा युरोपांत शरदृतूंत फुलते, तिच्यासारखी दिसणारी व्हेनेझुएलाची 'मॉसिए' वसंतांत. पहिल्या फुलण्याचा महिना जुन्या नोंदींत जपलेला होता म्हणून हें शक्य झालें.

हिमालयाच्या पायथ्याची 'फेअरीआना' ही पादुकेच्या आकाराची आमरीही अशीच हरवली होती. १८५७ सालीं ती लिव्हरपुलास 'आसाम' या मोघम पत्त्यावर फुलली, आणि सँडरनें तिच्यासाठीं एक हजार पौंडांचें बक्षीस लावल्यानंतर १९०५ च्या सुमारास भूतानच्या बाजूस सांपडली.

असे मोघम पत्ते सर्वच अज्ञानानें लिहिलेले नसत. व्यापारी दुसऱ्यास ठिकाण कळूं नये म्हणून खोटें गांव लिहीत, आणि ठिकाण कळलें कीं तेथील रान ओरबाडून काढीत. अल्बर्ट मिलिकन यानें १८९१ च्या आपल्या प्रवासवर्णनांत कोलंबियांतील एका मोहिमेचा हिशेब दिला आहे: दहा हजार रोपांसाठीं चार हजार झाडें तोडलीं. तो हें अभिमानानें सांगतो.

रानावरचा हा भार हलका होण्यास बियांचें गूढ उकलावें लागलें. आमरीचें बीं धुळीइतकें बारीक असून त्यांत अन्नाचा सांठा नसतो. तें एका सूक्ष्म बुरशीच्या साह्यानें रुजतें हें फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यानें १८९९ सालीं दाखविलें. व बुरशीवांचून साखर घातलेल्या आगरावर तें रुजवितां येतें हें अमेरिकेंतील लुइस नडसन यानें १९२२ सालीं सिद्ध केलें. संकर मात्र त्याआधींच सुरू झाले होते. एक्झिटरच्या व्हाइच यांच्या बागेंतील जॉन डॉमिनी यानें तयार केलेली 'कॅलँथे डॉमिनी' १८५६ सालीं फुलली. पुढें संकर इतके वाढले कीं सँडरनें १९०६ सालीं त्यांची यादी छापली, आणि १९६१ पासून ही नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी चालविते. माता, पिता, नोंदविणारा व साल, इतका मजकूर तींत असतो. आमच्या घराण्यांच्या कित्येक वंशावळी इतक्या निर्दोष नाहींत, हें येथें कबूल केलें पाहिजे.

१९७५ पासून अमलांत आलेल्या वन्य जीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानें आमऱ्यांचा परदेश-व्यापार नियंत्रित केला आहे, व पादुकेच्या कित्येक आमऱ्यांस सर्वांत कडक परिशिष्टांत घातलें आहे. तेव्हां आजच्या संग्राहकाच्या चिठ्ठीस कायद्याचेंही मूल्य आलें आहे. रोप बियांपासून वाढविलेलें कीं रानांतून काढलेलें, हें तिच्यावरून ठरतें. जाणते संग्राहक तींत मिळाल्याची तारीख, देणाराचें नांव व पहिल्या फुलाचा महिना लिहितात, आणि रोपाचे तुकडे करून वांटतांना प्रत्येक तुकड्याबरोबर मूळ चिठ्ठीची शब्दशः नक्कल देतात. चिठ्ठी गमावलेलें रोप फुलास कितीही सुंदर असो, संशोधनाच्या कामास येत नाहीं.

आपल्याकडे या विषयाचीं साधनें थोडीं पण चांगलीं आहेत. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेंत अलेक्झांडर गिब्सन यानें १८४७ ते १८५० च्या सुमारास एका पोर्तुगीज वंशाच्या देशी चित्रकाराकडून काढविलेलीं वनस्पतींचीं चित्रें एडिंबरो येथें जतन झालीं आहेत. डाल्झेल व गिब्सन यांची 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ ची, आणि सांतापाव व कपाडिया यांचा मुंबई इलाख्यांतील आमऱ्यांवरील ग्रंथ १९६६ चा. वैद्यकाच्या पोथ्या मात्र या दृष्टीनें तपासल्या पाहिजेत. 'रास्ना' या नांवाखालीं बंगालांत झाडावरची व्हँडा ही आमरी घेतात, उत्तरेंत प्लुचिया नांवाचें झुडूप, व दक्षिणेंत कोळिंजनाची एक जात. निघंटूच्या ज्या प्रतींच्या समासांत रास्नेपुढें देशी नांव, झाड किंवा गांव लिहिलेलें असेल, त्या प्रतींच्या मालकांनीं त्या ओळींची जशीच्या तशी नक्कल, पोथीच्या पुष्पिकेसह, मंडळाकडे पाठवावी.