धानाच्या मुलखातून पाहिलेली पंधरा वर्षं

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या कामठ्याभोवती नजर पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या आहेत. आपल्याकडच्या कित्येक नेहमीच्या बिअरमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ घालतात. त्याने बिअर हलकी होते, पण तिला सांगण्यासारखी चवही उरत नाही. 2009 पर्यंत बिअर म्हणजे हीच: बर्फगार, कडक, लवकर चढणारी. इतक्या गार पेयाची चव जिभेला कळतच नाही, त्यामुळे सोबतच्या चाखण्याचाही कुणी विचार करत नसे.

त्या वर्षी पुण्यात कोरिंथियन्स क्लबमध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ‘डूलॅली’ सुरू केलं. बिअर बनवायला ऑलिव्हर शाऊफ हा जर्मन ब्रूमास्टर होता. जिथे बनवायची तिथेच ताजी प्यायची, हा प्रकार महाराष्ट्राला नवा होता. पुढे मुंबई-पुण्यात अशा जागा वाढल्या, 2014 मध्ये पुण्यात ‘एफिंगट’ आलं, आणि टाळेबंदीच्या 2020 साली ही ताजी बिअर ग्राउलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून घरी न्यायलाही परवानगी मिळाली.

मला या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ताटाशी जुळलेलं नातं. गव्हाच्या बव्हेरियन बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो येतो निव्वळ यीस्टमुळे. केळं किंवा लवंग तिच्यात नसते. तो लवंगेचा सूर आमच्या तलावातल्या मरळीच्या रश्शाशी सहज जुळतो. सावजी मटणाबरोबर मात्र कडू आयपीए घेऊ नये. हॉप्सचा कडूपणा आणि बुडबुडे तिखटाची आग आणखी भडकवतात, मटणाचा मसाला कळेनासा होतो. तिथे गडद, माल्टचा गोडवा असलेली बिअर हवी. भाजलेल्या माल्टला भाजलेल्या जवसाची चटणी तर जणू सख्खी बहीण! लाखोळीच्या डाळीचे कुरकुरीत वडे असतील, तर साधी पिल्सनर पुरे. तेलकटपणा धुऊन निघतो आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. घोट छोटा घ्यायचा, आधी वास घ्यायचा, मग घास. इतकं केलं की पिणं आपोआप कमी होतं.

हेच लक्ष आमच्या मोहाच्या दारूच्या वाट्याला का आलं नाही, हा प्रश्न मला या सगळ्या वर्षांत सतत पडला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बायका-मुलं टोपल्या भरतात, फुलं उन्हात वाळवतात. वाळली की ती पाण्यात भिजत घालतात, सडवा आंबला की भट्टी लागते. पहिल्या धारेच्या दारूला फुलाचा गोड वास असतो आणि मागे धुराची झाक राहते. तळलेले झिंगे किंवा भाजलेले चणे तिच्याबरोबर उत्तम लागतात. पण वर्तमानपत्रात मोह दिसतो तो ‘सडवा नष्ट’ एवढ्याच बातमीत. चोरून गाळायची म्हटल्यावर स्वच्छतेची किंवा तीव्रतेची खात्री कोण देणार? दारूने उद्ध्वस्त झालेली घरं या भागात कमी नाहीत, हे मी विसरत नाही. पण बंदी आणि चोरटी भट्टी यांच्या मध्ये तिसरी वाट आहे.

ती थोडी उघडलीही. 2021 मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं काढली. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देण्याचं ठरवलं आणि पुढे आदिवासी बचत गटांनी गाळलेली ‘मोंड’ बाजारात आली. डहाणूच्या ‘साउथ सीज डिस्टिलरीज’ने तर 2024 मध्ये ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने मुरवलेली मोहाची दारू महागड्या बाटलीत आणली.

डहाणूत जे घडलं ते गोंदियात घडायला हवं. फूल आमचं, वेचणारे हात आमचे, तर परवाना आणि तपासणीची सोयही इथल्या बचत गटांना मिळावी. मध्य प्रदेशातलं बालाघाट आमच्या हद्दीला लागूनच आहे. तिथल्या राज्याला जमलं, ते आपल्या राज्याला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.