धडा पाठवला, म्हणजे शिकवला नव्हे

"आता काय, घरोघरी स्मार्टफोन आहे. पुन्हा साथ आली, शाळा बंद झाल्या, तर धडे ग्रुपवर टाकायचे. शिक्षण थांबणार नाही."

चाकण, कुरुळी, चिखली, भोसरी, कुठल्याही पालक सभेत किंवा शिक्षकांच्या बैठकीत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि बाकीचे माना डोलावतात. मला ते आता ऐकवत नाही. मार्च 2020 पासून कोरोनाच्या साथीत जवळजवळ दोन वर्षं जे आपल्या डोळ्यांदेखत झालं, ते इतक्या लवकर विसरून कसं चालेल?

गैरसमज: घरात मोबाइल आहे, म्हणजे मुलाचं शिक्षण सुरू आहे.

वस्तुस्थिती: मोबाइल घरात असणं वेगळं आणि मुलाच्या हातात असणं वेगळं. ग्रामीण भारताच्या 'असर' 2021 पाहणीत 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्याच घरांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो अजिबात वापरायला मिळत नव्हता. शहरात चित्र फार वेगळं असेल असं कुणाला वाटत असेल, तर ऑगस्ट 2021 ची दुसरी पाहणी बघा. महाराष्ट्रासह 15 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये ती झाली. नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं शहरांत 24 टक्के निघाली, गावांत 8 टक्के.

चाकण-भोसरीच्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात याचं कारण शोधायला पाहणीचीही गरज नाही. घरातला एकुलता एक चांगला फोन वडिलांबरोबर कंपनीत जातो. अनेक कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेता येत नाही, तो गेटवर किंवा लॉकरमध्ये राहतो. सेकंड शिफ्ट संपवून वडील खोलीवर येतात, तेव्हा मध्यरात्र झालेली असते. दुपारी बाईंनी टाकलेला धडा झोपलेल्या मुलाच्या उशाशी येऊन पडतो.

समजा, फोन हातात आहे आणि धडाही वेळेवर पोचला. मग तरी शिकवून झालं का? माझ्या वर्गातल्या एका मुलीनं त्या काळात वहीचा फोटो पाठवला होता. 42 वजा 17. उत्तर लिहिलं होतं 35. फोटोवर लाल फुली मारून परत पाठवता आला असता. मी तिच्या आईच्या साध्या बटणांच्या फोनवर फोन केला आणि विचारलं, "कसं केलंस गं?" ती म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन." आता कळलं! लहान आकडा वर असो की खाली, ती मोठ्यातून लहान वजा करत होती. वजाबाकी तिला येत होती, दशक सुटा करणं येत नव्हतं. आईला म्हटलं, काडेपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे बांधा, दोन सुट्या ठेवा आणि तिला सतरा काढायला सांगा. सुट्या पुरेनात, तेव्हा तिनं आपणहून एक गठ्ठा सोडला. पंचवीस उरल्या. दहा मिनिटं लागली. इंटरनेट लागलं नाही.

हा एका वर्गापुरता योगायोग नव्हता. 2020 मध्ये शाळा बंद असताना बोत्स्वानात सुमारे 4,500 कुटुंबांवर असाच प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला फक्त गणिताचे एसएमएस गेले, काहींना एसएमएसबरोबर शिक्षकाचा 15 ते 20 मिनिटांचा फोनही गेला. नुसत्या एसएमएसनं म्हणण्यासारखा फरक पडला नाही, फोन गेलेल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. मुलाचं उत्तर शिक्षकापर्यंत आलं आणि त्यावर शिक्षकाचं बोलणं मुलापर्यंत परत गेलं, तरच ते शिकवणं. बाकी सगळी नुसती पोचवणी.

आता इतर समज, जे याच समजाच्या आडोशाला उभे असतात.

"साथीत शिकवायचं तर ऑनलाइनच." 1937 मध्ये पोलिओच्या साथीत शिकागोत मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले. 2020 मध्ये सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली.

"जास्त तास बसवलं की जास्त शिकतात." ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या जुलै 2020 च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती.

"आई-बाप शिकलेले नाहीत, घरी काय होणार?" काड्यांचे गठ्ठे बांधायला अक्षरओळख लागत नाही.

"पहिली-दुसरी बुडाली तरी चालतं." जून 2020 मध्ये पहिलीत दाखल झालेली मुलं 2022 मध्ये तिसरीत होती. त्या वर्षीच्या 'असर'मध्ये दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं ग्रामीण भारतात 20.5 टक्के होती. 2018 मध्ये हेच प्रमाण 27.3 टक्के होतं.

"सेतू अभ्यासक्रमानं सगळं भरून निघालं." राज्याचा 45 दिवसांचा सेतू जुलै 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हा आपल्याकडच्या लहान मुलांच्या शाळा बंदच होत्या. ज्या अडचणीवर उपाय म्हणून तो आला, त्याच अडचणीतून तो मुलांना करावा लागला.

पुढची साथ कधी येईल, ते आपल्या हातात नाही. तयारी मात्र आपल्या हातात आहे, आणि ती आजच करता येते. प्रत्येक मुलाकडे दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे आणि अंककार्डं घरी असू द्या. वह्यांची अदलाबदल कुठल्या किराणा दुकानात किंवा अंगणवाडीत करायची, ते वस्तीवार ठरवून ठेवा. आणि वर्गाच्या यादीत प्रत्येक नावासमोर, फोन नंबराशेजारी, एक रकाना वाढवा: घरातला फोन कुणाजवळ असतो आणि त्या माणसाची शिफ्ट कोणती. शिफ्ट बदलली की रकाना बदला. शाळा बंद पडलीच, तर कोणत्या मुलाला किती वाजता फोन करायचा, हे त्या रकान्यातूनच कळेल.