नारिंगी दिवा आणि काकांचा केई ट्रक

जपानमध्ये जुनी गाडी बाळगणाऱ्याला इंजिनापेक्षा एका तारखेची धास्ती जास्त असते. ती तारीख म्हणजे 'शाकेन' संपण्याची. शाकेन ही इथली सक्तीची वाहन तपासणी. आपल्याकडच्या पीयूसीसारखं नळी घातली, धूर मोजला आणि पाच मिनिटांत कागद हातात, असं नाही. ब्रेक, हेडलाइटची दिशा, चाकांची सरळ रेष, धूर, गाडीच्या पोटाखालची गळती, सगळं बघतात. शाकेन संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड, शिवाय लायसन्स निलंबित. त्यात फेब्रुवारी २०१७ पासून आणखी एक नियम आला. डॅशबोर्डवर इंजिन, ब्रेक, एबीएस किंवा एअरबॅगचा इशारा देणारा दिवा पेटलेला असेल, तर तपासणी तिथेच थांबवतात. दिव्यावर चिकटपट्टी लावणं किंवा बल्ब काढून टाकणं हे आपले खास उपाय इथे चालत नाहीत, कारण चावी फिरवल्यावर दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे, हेही बघतात.

आमच्या निशी-कसाईतल्या एका काकांच्या ट्रकचा हा दिवा काही केल्या विझेना, तेव्हा शाकेन संपायला साडेतीन आठवडे उरले होते.

निशी-कसाई म्हणजे टोकियोचा एदोगावा वॉर्ड. तोझाई लाइनने ओतेमाचीच्या ऑफिसांकडे सरळ जाता येतं, म्हणून वायटूकेच्या काळापासून भारतीय आयटीवाले इथे राहायला लागले. आता दांचीच्या लिफ्टमध्ये मराठी कानावर पडलं तरी कोणी मान वळवत नाही. काका मात्र आयटीतले नाहीत. सातारा जिल्ह्यातून स्वयंपाकी म्हणून आले, तीस वर्षं हॉटेलात तंदूर सांभाळला आणि आता चिबामध्ये भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर मेथी, कोथिंबीर, भेंडी, गवार पिकवतात. दर शनिवारी माल इकडे आणतात. गवारीची भाजी परदेशात ताजी मिळणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. तर हा सगळा संसार एका केई ट्रकवर चालतो.

केई ट्रक म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटचा छोटा ट्रक. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटरच्या आत, माल ३५० किलोपर्यंत. काकांच्या ट्रकचं इंजिन आपल्या जुन्या मारुती ओम्नीसारखं सीटखाली आहे. सीट उचलली की दर्शन.

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा गॅरेजने कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला. बदलला. चौथ्या दिवशी दिवा परत हजर. मग म्हणाले, इंजिनाचा कम्प्युटरच गेला असेल, आणि या वयाच्या ट्रकवर एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू कम्प्युटरवाला ना? मग ट्रकचा कम्प्युटर बघ की जरा." मी सर्व्हरवर काम करतो, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

ही दिव्याची भानगड मुळात प्रदूषणामुळे आली. धूर स्वच्छ ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीनेच ते सांगावं, असा आग्रह कॅलिफोर्नियाने धरला, आणि १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत ओबीडी-टू सक्तीचं झालं. जपानची स्वतःची आवृत्ती आहे. भारतातही बीएस-फोरच्या काळात हे आलं, त्यामुळे पुण्यातल्या तुमच्या गाडीतही स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट बहुधा सापडेल. एक महत्त्वाचं आधीच सांगतो. दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर सहसा पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जात असतं आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि गाडी बाजूला घ्यायची.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर जपानी बाजारासाठी बनलेल्या जुन्या गाड्यांशी अनेकदा बोलतच नाहीत. म्हणून ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याकडून इथल्या गाड्या वाचणारा स्कॅनर आणला. कोड निघाला पी-०१३५. म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट.

इथे शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. कोड 'सेन्सर' म्हणत नाही, 'सर्किट' म्हणतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सेन्सर मोजतो, पण त्यासाठी तो तीनशे अंशांच्या वर तापलेला लागतो. थंड इंजिनात लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. बॅटरीपासून फ्यूज, तिथून वायर, मग हीटर, पुन्हा वायर आणि शेवटी कम्प्युटर, असा विजेचा रस्ता आहे. कम्प्युटर रस्त्याच्या टोकाला बसलेला. वीज नीट येत नाही एवढंच त्याला कळतं, मध्ये कुठे अडली ते दिसत नाही. आम्ही प्रोग्रॅमर रोज हेच बघतो. लॉगमध्ये 'डेटाबेस मिळाला नाही' असं लिहिलेलं असतं, डेटाबेस ठणठणीत असतो आणि गोंधळ मधल्या नेटवर्कचा निघतो. म्हणून कुणी लगेच नवा डेटाबेस विकत आणत नाही. गाड्यांच्या बाबतीत मात्र कोडमध्ये ज्या पार्टचं नाव, तो पार्ट बदलायचा, अशी पद्धत पडलीय.

आणखी एक. कोड पुसण्याआधी स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. बिघाड नोंदवताना कम्प्युटर त्या क्षणाचा वेग, इंजिनाचं तापमान, आरपीएम असं साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दिवा घालवण्याच्या घाईत कोड पुसला की हा पुरावाही गेला.

रविवारी चिबाच्या शेतावर सीट उचलून बसलो. मल्टिमीटरने नव्या सेन्सरचा हीटर मोजला: सुमारे सहा ओहम, व्यवस्थित. फ्यूज ठीक. इंजिन चालू असताना कनेक्टरपर्यंत बॅटरीचा दाब येत होता. मग बॅटरी सोडवून कनेक्टरपासून कम्प्युटरपर्यंतची वायर तपासली, तीही जोडलेली. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक, आणि उरला तो कम्प्युटर. गॅरेजने काढला तो निष्कर्ष इथूनच आला असणार.

पण फ्रीझ फ्रेम वेगळं सांगत होती. इंजिन पूर्ण तापलेलं, वेग चाळीसच्या आसपास, आणि इंजिनावर ताण भरपूर. हीटर किंवा कम्प्युटर कायमचा मेला असता तर गाडी तापेपर्यंत कशाला थांबला असता? काकांना विचारलं, "दिवा कधी लागतो?" त्यांनी सीटमागून वही काढली. शेतकऱ्याची वही! कुठल्या शनिवारी किती जुड्या, कुणाकडे किती उधारी, आणि मध्येच 'दिवा लागला'. प्रत्येक नोंद टोकियोला येतानाची. रिकाम्या परतीची एकही नाही. "एदोगावा नदीच्या पुलावर चढलं की लागतो बघ," काका म्हणाले.

हे सोनं होतं. भरलेला ट्रक चढावर जोर लावतो तेव्हा इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलतं. रबर जुनं असेल तर जास्तच. आणि इंजिनाबरोबर वायरींचा जुडगाही ओढला जातो. उभ्या गाडीत हे दिसणार कसं?

मग मल्टिमीटर बीपवर ठेवून काकांच्या हातात दिला. "आवाज बंद झाला की ओरडा." मी वायरींचा जुडगा वीतभर वीतभर हलवत गेलो. माउंटिंगजवळ पत्र्याच्या क्लिपखाली वायर वळते, तिथे जरा ओढली आणि बीप थांबला. सोडली, परत सुरू. बाहेरचं प्लॅस्टिक जवळपास शाबूत होतं, आत तांबं तुटून हिरवं पडलेलं. दोन टोकं एकमेकांना टेकून होती तोवर वीज जायची, ओढ बसली की फारकत. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर हीट-श्रिंक नळी, जरा सैल अंतर ठेवून क्लिप दुसरीकडे बसवली. साहित्याचा खर्च हजार येनच्या आत. काकूंनी पाठवलेला झुणका-भाकरीचा डबा वेगळा.

कोड पुसला, पण लगेच जाहीर केलं नाही. अशा बिघाडांत बऱ्याच गाड्या पहिल्या वेळी गुपचूप नोंद ठेवतात आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तरच दिवा लावतात. म्हणून ट्रकवर खताच्या गोण्या भरून तो पूल चार वेळा चढलो. नंतर दोन शनिवार खऱ्या मालाचे. प्रत्येक वेळी स्कॅनर लावून प्रलंबित कोड बघितले. काही नाही.

शाकेन संपायला पाच दिवस असताना काकांनी गाडी स्वतः अदाचीच्या केई तपासणी केंद्रावर नेली. इथे मालकाला ते करता येतं, ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. हेडलाइटची दिशा पहिल्या वेळी नापास झाली. जवळच पैसे देऊन ती नीट करून घेतली आणि परत रांगेत लागले. इंजिनच्या दिव्याकडे तपासनीसाने एकदा बघितलं आणि पुढे सरकला. नवा स्टिकर जुलै २०२३ पासून ड्रायव्हरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात लावायचा असतो. काकांनी तो तिथे लावला, वहीत दोन वर्षांनंतरची तारीख लिहिली आणि तसेच भेंडी तोडायला चिबाला गेले.