आजूरनंतर दय

मेल-मर्ज या आठवड्यात करायचं ठरलं होतं. पत्रिकांची पाकिटं घेऊन बसलेल्यांनी आणखी आठ दिवस कळ काढावी. काचीगुड्याहून एका वाचकबाईंचा प्रश्न आलाय आणि तो वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

त्यांच्या आजोबांची शेती नांदेडकडची. पेटीत जुन्या पावत्या आणि नकला निघाल्या, थोड्या मोडीतल्या, बऱ्याचशा उर्दूतल्या. जाणकाराकडून वाचून घेऊन बाईंनी त्यांची यादी एक्सेलमध्ये घातली. तारखेच्या रकान्यात '१५ बहमन १३४०', '३ तीर १३३८' अशा नोंदी. सॉर्टचं बटण दाबलं आणि सगळा विस्कोट झाला. दहा, अकरा आधी आणि दोन, तीन नंतर!

यात एक्सेलचा दोष नाही. त्याच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा. १७ सप्टेंबर १९४८ टाइप करा आणि फॉरमॅट 'जनरल' करा, १७७९३ दिसेल. १९०० च्या आधीचं त्याला काही ठाऊकच नाही. १८९५ ची तारीख घातलीत, तर ती मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसते. खरी तारीख आपणहून उजवीकडे जाते. (गंमत म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उजाडलेली तारीख एक्सेल खुशाल मान्य करतं. लोटस १-२-३ मधली ही चूक, जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने जशीच्या तशी दत्तक घेतली.) तिथे बिचाऱ्या बहमनला कोण विचारतो?

नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं आणि निजामाच्या दफ्तरात साल चालायचं फसली. ते ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू व्हायचं. इथले जुने कायदेही त्याच सालाने ओळखले जातात: जमीन महसुलाचा १३१७ फसलीचा, जहागिऱ्या खालसा करणारा १३५८ फसलीचा. फसलीत ५९० मिळवले की ते साल ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन मिळतो. १३५८ म्हणजे १९४८-४९.

आता काम. आधी तारखेचे तीन तुकडे करा. शेजारचे दोन रकाने रिकामे ठेवा, तारखेचा रकाना निवडा, डेटा टॅबमधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा, 'डिलिमिटेड' घ्या आणि 'स्पेस'वर खूण करा. दिवस, महिना, साल वेगळे झाले. आकडे इंग्रजी असू द्या, म्हणजे एक्सेल त्यांना संख्या मानेल.

बाई इथपर्यंत स्वतःच पोचल्या होत्या. पुढे महिने अकारविल्हे लागले आणि त्या अडकल्या. अमर्दाद पहिला आला, वर्षाचा पहिला आजूर तिसरा, आणि शेवटचा आबान त्याच्या मांडीला मांडी लावून चौथा.

जानेवारीनंतर फेब्रुवारी येतो हे एक्सेलला कळतं, कारण तशी यादी त्याच्या पोटात आहे. तिथे आपलीही यादी घालता येते, आणि वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्यांनाही हे माहीत नसतं! फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड. तिथे खाली खाली जात 'जनरल' गाठा, 'एडिट कस्टम लिस्ट्स' दिसेल. त्यात एकाखाली एक लिहा: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर, आबान. मग 'अॅड'. आता कुठल्याही चौकटीत आजूर लिहून कोपरा धरून खाली ओढा, बाराच्या बारा महिने ओळीने उतरतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा उगाचच चार वेळा ओढून पाहिलं.

सॉर्टमध्ये तीन पायऱ्या लावा: साल, महिना, दिवस. महिन्याच्या पायरीवर 'ऑर्डर'मध्ये 'कस्टम लिस्ट' निवडून आपली यादी द्या. स्पेलिंग मात्र यादीत आणि रकान्यात तंतोतंत एकच हवं. एका ठिकाणी 'मेहेर' आणि दुसरीकडे 'मेहर' असेल, तर तो महिना रांगेबाहेर पडतो. यादी तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. फाइल दुसऱ्याला दिली म्हणून त्याच्याकडे आजूर ओढता येणार नाही. लिब्रेऑफिसवाल्यांनी कॅल्कच्या ऑप्शन्समध्ये 'सॉर्ट लिस्ट्स' पाहावं.

फसलीशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांनी चैत्र ते फाल्गुन घालावेत, नाहीतर ऑफिसातली खाती, शाखा, हुद्दे. आमच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत मी गल्ल्या घातल्यात, ज्या क्रमाने फिरतो त्या क्रमाने. पावतीपुस्तक आणि पाय दोन्ही वाचतात.

बाईंचं परवा उत्तर आलं. यादी नीट लागली. १३५७ च्या शहरेवरपर्यंत दर महिन्याला एखादी तरी पावती आहे, आणि मग थेट १३५८ चा दय. मधला आबान म्हणजे साधारण सप्टेंबर १९४८. त्या महिन्याच्या १३ तारखेला भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि १७ ला निजाम शरण आला. विस्कटलेल्या यादीत ही फट त्यांना दिसलीच नव्हती.