शंभर एमबीपीएसचं नेट, तरी गेम का अडकतो?

मोठे व्हिडिओ गेम खेळायचे तर लाखभराचा गेमिंग पीसी किंवा पन्नास हजारांचा कन्सोल हवा, हे गणित सोलापुरातल्या बहुतेक घरांत कधी बसलेच नाही. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तो ४९,९९० रुपयांना. यंत्रमागावर किंवा विड्या वळून चालणाऱ्या घरातल्या पोराने एवढे पैसे खेळण्यासाठी मागायचे कुणाकडे? म्हणूनच क्लाउड गेमिंग आपल्याकडे आले याचा मला मनापासून आनंद आहे. जिओने २०२२च्या अखेरीस त्याची चाचणी सुरू केली, व्हीआयने मार्च २०२४ मध्ये आपली सेवा आणली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग भारतात खुले केले. पण या सेवांबरोबर गैरसमजही आले. त्यापायी कुणी वर्षाचे पैसे एकदम भरून पस्तावतो, तर कुणी एकदाही न वापरता त्यांना नावे ठेवतो.

आधी मुळात घडते काय ते पाहू. गेम आपल्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर चालतच नाही. तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या ताकदवान संगणकावर चालतो. आपण बटण दाबले की तेवढा संदेश तिकडे जातो, तिथे गेम पुढे सरकतो, त्याचे चित्र व्हिडिओच्या रूपात दाबून लहान केले जाते आणि आपल्या पडद्यावर येऊन उलगडते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर हे सगळे दर १६.७ मिलिसेकंदांनी, न चुकता घडत राहावे लागते.

“नेटचा स्पीड जास्त असला की झालं”

हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. “नेट तर शंभरचं घेतलंय, मग अडकतं कशाला?” हा प्रश्न नेहमी कानावर येतो. शंभर एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात किती माहिती येऊ शकते याचे माप. ती माहिती निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो, हे माप वेगळे. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यावर एका वेळी जास्त गाड्या जाऊ लागल्या, पण पुण्याचे अडीचशे किलोमीटर अडीचशेच राहिले. गेमला रुंदी लागते ती बेताचीच. एनव्हिडिया आपल्या जीफोर्स नाउ सेवेसाठी ७२० पिक्सेलच्या चित्राला १५ एमबीपीएस आणि १०८० पिक्सेलच्या चित्राला २५ एमबीपीएस पुरेसे मानते. मात्र डेटा सेंटरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, म्हणजे ज्याला आपण पिंग म्हणतो, तो ८० मिलिसेकंदांच्या आत हवाच आणि शक्यतो ४०च्या आत असावा, असे तीच कंपनी सांगते. म्हणजे ४० एमबीपीएस आणि २० मिलिसेकंदांचे कनेक्शन हे ३०० एमबीपीएस आणि ९० मिलिसेकंदांच्या कनेक्शनपेक्षा खेळायला कितीतरी चांगले.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, की त्याच नेटवर यूट्यूब झकास चालते, मग गेमलाच काय होते? यूट्यूबवरचा व्हिडिओ आधीच तयार असतो. त्यामुळे पुढचे काही सेकंद आधी आणून साठवता येतात आणि मध्ये नेट क्षणभर गेले तरी आपल्याला कळत नाही. गेमचे पुढचे चित्र मात्र तुम्ही आता कोणते बटण दाबणार यावर ठरते. जे अजून घडलेलेच नाही ते साठवायचे कसे? म्हणून जी हेलकावणी व्हिडिओत लपते ती गेममध्ये लगेच बोचते. पिंग एकदा २० आणि पुढच्या क्षणी ७० होणे, म्हणजेच जिटर, हे कायम ४५ असण्यापेक्षा वाईट. स्थिर उशिराची हाताला सवय होते, डगमगणाऱ्या उशिराची होत नाही.

इथे स्पीडटेस्टबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चाचणीचे अॅप आपोआप जवळचा सर्व्हर निवडते. तो पुष्कळदा तुमच्या नेटवाल्याचाच, कधी तर गावातलाच असतो. मग पिंग ३ किंवा ४ दिसतो आणि माणूस खूश होतो. पण तुमचा गेम त्या सर्व्हरवर चालत नाही. चाचणी करताना सर्व्हर बदलून मुंबईचा निवडा, आणि तीही रात्री नऊच्या सुमारास करा, कारण त्या वेळी सगळी गल्ली नेटवर असते. घरात दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून पुन्हा एकदा मोजा. एरवी २० असलेला पिंग तेव्हा २०० झाला, तर दोष बहुधा राउटरचा आहे. तो आलेल्या माहितीची लांब रांग लावून ठेवतो आणि गेमचे छोटे संदेश त्या रांगेत मागे अडकतात. अशा वेळी महागडा प्लॅन घेण्याऐवजी राउटरला लॅन केबल लावा. ते जमत नसेल तर निदान वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरून ५ गिगाहर्ट्झवर या आणि राउटर असलेल्याच खोलीत बसून खेळा. मोठ्या डाउनलोडची वेळही बदलून पाहा.

“हे मुंबई-पुण्याचं काम, सोलापूरला जमायचं नाही”

हे खरे नाही, आणि आकडेच ते सांगतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. केबल तशीच गेली असे धरले तर जायला २ आणि यायला २, असे ४ मिलिसेकंद लागतात. सहा-सात मिलिसेकंद धरले तरी ते गेमच्या हिशेबात नगण्य. उलट सोलापूर मुंबई-पुणे-हैदराबाद मार्गावर आहे आणि मुंबई, पुणे, हैदराबाद या तिन्ही ठिकाणी मोठी डेटा सेंटर आहेत. मायक्रोसॉफ्टने तर पुणे, मुंबई आणि चेन्नईची आपली क्लाउड केंद्रे २०१५ मध्येच सुरू केली.

अडचण येते ती अंतरामुळे नाही, मधल्या वाटेमुळे आणि शेवटच्या टप्प्यामुळे. तुमच्या नेटवाल्याने माहिती कुठून कुठे वळवायची हे ठरवलेले असते. हैदराबादचा सर्व्हर नकाशावर तीनशे किलोमीटरवर असला तरी माहिती आधी मुंबईला जाऊन मग तिकडे जाऊ शकते. आणि सेवेचा सर्व्हर भारतातच नसून सिंगापूरला असला, तर समुद्राखालच्या केबलने जाण्यायेण्यातच ४०-५० मिलिसेकंद खर्ची पडतात. त्यावर कोणताही प्लॅन उपाय करू शकत नाही. म्हणून सेवा घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की सर्व्हर भारतात आहे का.

शेवटच्या टप्प्यात आणखी एक फरक असतो. काही ठिकाणी फायबर थेट घरातल्या डबीपर्यंत येते. त्यात मधले जोड विजेविना चालतात, त्यामुळे तुमच्या राउटरला इन्व्हर्टर असला की गल्लीतली वीज गेली तरी नेट सहसा टिकते. काही केबलवाले मात्र इमारतीत किंवा खांबावर विजेचा स्विच बसवून तिथून तांब्याच्या वायरीने घराघरांत नेट देतात. तिथली वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर काही करू शकत नाही. नवीन कनेक्शन घेताना फायबर घरात येणार की स्विचपर्यंत, एवढे विचारून घ्या. मे महिन्यातल्या वीजकपातीत याचे उत्तर कामाला येते.

आता कोणता गेम, यावरही बरेच अवलंबून आहे. गोष्ट पुढे नेणारे, डावपेचांचे, गाड्या चालवायचे बहुतेक गेम क्लाउडवर आनंदाने खेळता येतात. समोरासमोरच्या हाणामारीचे आणि गोळीबाराचे गेम चुरशीने खेळायचे असतील, तर स्वतःच्या यंत्राला पर्याय नाही. आपल्याकडे लाडक्या असलेल्या क्रिकेट गेमचे काय? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. त्यातले शंभर मिलिसेकंद उशिरात गेले तर टायमिंग चुकणारच. ऑफलाइन, सोप्या पातळीवर ठीक. मित्राशी पैज लावून नको.

उशीर नेहमी नेटचाच असतो, असेही नाही. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि काही टीव्हींत त्यापायी शंभर मिलिसेकंदांपर्यंत वाया जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो चालू करायला एक रुपया लागत नाही आणि फरक तिथल्या तिथे जाणवतो.

“डेटा फार जातो” आणि “डेटा जातच नाही”

दोन्ही बाजूंनी चूक आहे, म्हणून हिशेबच करू. १० एमबीपीएसने एक तास खेळलात तर ४.५ जीबी जातात, २५ एमबीपीएसने तासाला सव्वाअकरा जीबी. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर हलक्या चित्रातही अर्धा तास पूर्ण होत नाही. अमर्याद ५जी असलेल्यांनी ध्यानात ठेवावे, की फोन ५जीवरून ४जीवर उतरला की रोजचा कोटा मोजला जाऊ लागतो, आणि घराच्या आतल्या खोलीत फोन असा उतरतोच. घरच्या फायबरवर मात्र चिंता नको. रोज दोन तास २५ एमबीपीएसने खेळले तरी महिन्याला ६७५ जीबी होतात. मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबीच्या आसपास असते. शिवाय आजचा एखादा मोठा गेम यंत्रावर उतरवून घ्यायलाच १०० जीबी लागतात. तेवढ्यात क्लाउडवर जवळपास नऊ तास खेळून होते. चार गेम चाखून एक निवडणाऱ्याचा क्लाउडमध्ये डेटा वाचतोच.

“पैसे भरले म्हणजे गेम माझा”

तो तुमचा नसतो. काही सेवांमध्ये महिन्याच्या वर्गणीत गेमचा साठा खेळायला मिळतो. वर्गणी थांबली की साठाही बंद, आणि चालू वर्गणीतही एखादा गेम यादीतून निघून जातो. जीफोर्स नाउसारख्या सेवेत उलटे आहे. तिथे संगणक भाड्याने मिळतो, गेम मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या दुकानातून तुम्हीच विकत घेतलेला असावा लागतो. पैसे भरण्याआधी आपण नेमके कशाचे भरतो आहोत, हे वाचाच.

सेवाच बंद पडली तर? असे घडलेले आहे. अमेरिकेतली ऑनलाइव्ह २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये मिटली. गुगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. गुगलने लोकांचे गेमचे आणि यंत्राचे पैसे परत केले, हे चांगलेच झाले. पण तसे करण्याचे बंधन प्रत्येक कंपनीवर असेलच असे नाही. इतक्या मोठ्या कंपनीची सेवा तीन-सव्वातीन वर्षांत गुंडाळली जाते, तेव्हा वर्षाचे पैसे एकदम भरण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

“कुठलाही जुना मोबाइल चालतो”

बराच जुना चालतो, कुठलाही नाही. आलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय त्याच्या चिपमध्येच असावी लागते. नसेल तर ते काम प्रोसेसरवर पडते आणि चित्र मागे राहते. सोलापूरचा पारा चाळीसच्या पुढे जातो तेव्हा जड गेम चालवणारा फोन तापून स्वतःचा वेग कमी करतो. क्लाउडवर हा ताप कमी होतो, पण पडदा आणि ५जी मोडेम तापायचे ते तापतातच.

“ऑनलाइन गेमवर तर आता बंदी आहे”

हा गैरसमज आईवडिलांमध्ये जास्त दिसतो आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली होती. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, त्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांना तोच कायदा मान्यता देतो. वर्गणी घेऊन खेळू देणे, त्यात डाव लावणे नसेल तर, चालते. म्हणजे महिन्याची वर्गणी भरून कार रेसिंग खेळणारा मुलगा काहीही बेकायदा करत नाही.

पालकांनी काळजी करावी ती दुसऱ्या गोष्टीची. क्लाउडवरचा गेम इन्स्टॉल करावा लागत नाही, तो ब्राउझरमध्येही उघडतो. त्यामुळे फोनमध्ये गेम दिसला नाही म्हणजे मूल खेळत नाही, असे आता धरता येत नाही. मोठ्यांसाठी असलेले, १८ वर्षांवरचे गेमही त्याच साठ्यात असतात. यावर उपाय फोन काढून घेण्याचा नाही. मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयाने उघडा. वयाची आणि वेळेची मर्यादा खात्यातच घालता येते, मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब सेटिंगमध्ये ही सोय आहे. मुलाला शेजारी बसवूनच ती लावा.

सेवा घ्यायची ठरवली असेल तर आधी सर्वांत लहान पॅक घ्या. २०२५ मध्ये जिओने ४८ रुपयांत तीन दिवसांचा असा पॅक आणला होता. इतर सेवांत निदान एका महिन्याचा तरी मिळतो. तेवढ्या दिवसांत रात्री नऊला, घरातले सगळे नेटवर असताना, तुम्हाला जो गेम खरोखर खेळायचा आहे तोच खेळून पाहा. हाताला उशीर जाणवला नाही तरच पुढचे पैसे भरा.